परका भटारखाना आणि आपला बटाटा

दिल्लीला वसंत विहार म्हणून एक वस्ती आहे. तिथल्या बसंत लोक बाजारात १३ ऑक्टोबर १९९६ रोजी मॅकडोनाल्ड या अमेरिकन कंपनीने हिंदुस्थानातले आपले पहिले उपाहारगृह उघडले. पाठोपाठ मुंबईला वांद्र्यात दुसरे उघडले. आता यात सांगण्यासारखे काय, असे तुम्ही म्हणाल. दुकाने रोज उघडतात. पण मंडळी, ज्या कंपनीचे सारे नाव गाईबैलांच्या मांसाच्या वडीवर उभे राहिले, तिच्या या दुकानात ते मांस औषधालाही नव्हते. डुकराचेही नव्हते. जगात तिची हजारो दुकाने होती, त्यांत गोमांसावाचून चालणारे हे पहिले, असा त्या वेळी मोठा बोलबाला झाला.

यावर आपल्याकडे दोन तऱ्हेची बोलणी ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, पाहा, एवढी बलाढ्य कंपनी, पण आपल्या रीतीपुढे तिला वाकावे लागले. दुसरा म्हणतो, छे, हा नुसता गळाला लावलेला किडा आहे, पोरांच्या जिभा बिघडवण्याचा. मला वाटते, दोघेही ताटाकडेच पाहून बोलत आहेत. ताटामागे भटारखाना असतो आणि भटारखान्यामागे शेत असते. कोण वाकले आणि किती वाकले, हे पाहायचे तर तिथवर जायला हवे.

तेव्हा आधी भटारखाना. अमेरिकेत कॅलिफोर्निया प्रांतात सॅन बर्नार्डिनो नावाचे शहर आहे. रिचर्ड आणि मॉरिस मॅकडोनाल्ड या दोघा भावांनी १९४० साली तिथे एक खाणावळ काढली. धंदा चांगला चालला होता. तरीही १९४८ साली त्यांनी ती तीन महिने चक्क बंद ठेवली. पुन्हा उघडली तेव्हा पंचवीसएक पदार्थांपैकी नऊच उरले होते. ताटे नाहीत, काटे-चमचे नाहीत, वाढपी नाहीत. सारे कागदात गुंडाळून हातात द्यायचे. पाव मधोमध चिरून त्यात खिम्याची भाजलेली चपटी वडी घालतात, तो हॅम्बर्गर. आता सुटसुटीत बर्गर म्हणतात. त्याची किंमत ठेवली पंधरा सेंट, म्हणजे पूर्वीच्या निम्मी. एकाने नुसती वडी भाजायची, दुसऱ्याने नुसता पाव लावायचा, तिसऱ्याने नुसते गुंडाळायचे. मोटारीच्या कारखान्यात जशी कामाची वाटणी असते, तशी ती चुलीपाशी आणली. आचाऱ्याच्या हाताची चव ही गोष्टच त्यांनी काढून टाकली. आपल्याकडे ‘हाताला चव आहे’ हे केवढे कौतुकाचे वाक्य! इथे नेमकी तीच अडचण मानली गेली.

पुढे दूध घुसळण्याची यंत्रे विकणारा रे क्रॉक नावाचा गृहस्थ १९५४ साली तिथे आला. तो भटारखाना पाहून तो थक्क झाला आणि या भावांच्या नावाने गावोगाव दुकाने उघडण्याचा परवाना त्याने मिळवला. १९५५ च्या एप्रिलमध्ये शिकागोजवळ त्याने पहिले दुकान थाटले, आणि १९६१ साली सत्तावीस लाख डॉलर मोजून भावांकडून सारा धंदाच विकत घेतला. त्याचा हट्ट एकच : दुकान कुठल्याही गावचे असो, पदार्थ तोच, वजन तेच, चव तीच.

आणि आता गंमत पाहा. या हट्टाला पहिली चीर कुठे पडली? हिंदुस्थानात नाही, जपानात नाही, अमेरिकेतच पडली. सिनसिनाटी शहराच्या कडेला लू ग्रोएन नावाच्या माणसाने १९५९ साली कंपनीच्या परवान्याने दुकान घेतले होते. त्याच्या आसपासची वस्ती बहुतेक कॅथॉलिक ख्रिस्ती. त्या काळी कॅथॉलिक लोक शुक्रवारी मांस खात नसत, मासे चालत. आपल्याकडे एकादशीला किंवा श्रावणी सोमवारी खाटकाच्या दुकानात जसा शुकशुकाट असतो, तशी या बिचाऱ्याची दर शुक्रवारी गत व्हायची. दिवसाची विक्री पाऊणशे डॉलरवर यायची. शेवटी त्याने पिठात घोळवून तळलेल्या माशाचा बर्गर तयार केला आणि क्रॉकसाहेबांकडे गेला. साहेबांना मासा मुळीच पसंत नव्हता. दुकानाला वास येईल म्हणे. त्यांच्या डोक्यात दुसरीच कल्पना होती : पावात भाजलेल्या अननसाची चकती आणि चीज. तेव्हा पैज ठरली. १९६२ च्या एका शुक्रवारी दोन्ही पदार्थ विकायला ठेवायचे, जो जास्त खपेल तो राहील. ग्रोएन पुढे सांगत असे, की त्या दिवशी मासे खपले साडेतीनशे आणि मालकांचे अननस खपले सहा. १९६५ पासून हा माशाचा बर्गर साऱ्या अमेरिकेत मिळू लागला. आजही तो मिळतो.

मोठ्या कार्यालयात बसलेल्या माणसाला गावची रीत कळली नाही. गावात गल्ल्यावर बसलेल्याला कळली, कारण शुक्रवारी गल्ला त्याचा रिकामा राहत होता. परदेशी दुकानाने तिथल्या लोकांसाठी पदार्थ बदलला, की आपण त्याला आदर म्हणतो. आदर असेलही. पण त्याची सुरुवात रिकाम्या गल्ल्यापासून होते. कंपनी समुद्रापार निघाली तेव्हा तिने हा धडा गाठीशी बांधला होता. १९७१ साली म्यूनिकला दुकान काढले तर तिथे बिअर ठेवली. त्याच वर्षी टोकियोत डेन फुजिता या जपानी भागीदाराने पहिले दुकान उघडले. तिथे १९९१ पासून शरद ऋतूत चंद्रदर्शनाच्या सणासाठी अंडे घातलेला खास बर्गर निघतो. का, तर गोल अंडे हा त्यांचा पुनवेचा चंद्र!

आता आपल्या देशात येऊ. मॅकडोनाल्डच्या आधी वर्षभर, १९९५ च्या जूनमध्ये, कोंबडीच्या तळलेल्या तुकड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या केंटकी फ्राइड चिकन या कंपनीने बंगलोरला दुकान काढले होते. तिने आपला मूळचा पदार्थ जवळजवळ जसाच्या तसा आणला. कर्नाटकातल्या रयत संघाने पहिल्या दिवसापासून विरोध केला. त्याचे पुढारी प्रा. नंजुंडस्वामी हे कायद्याचे प्राध्यापक. माणसाच्या तोंडचे धान्य कोंबड्यांना घालायचे आणि त्या कोंबड्या मूठभरांनी खायच्या, हा शेतीचा रस्ता नव्हे, असे त्यांचे म्हणणे. महापालिकेने पदार्थात एका मसाल्याच्या क्षाराचे प्रमाण जास्त आढळले म्हणून परवाना काढून घेतला. उच्च न्यायालयाने दुकान पुन्हा चालू करू दिले. आणि १९९६ च्या जानेवारीअखेर आंदोलकांनी दुकानात शिरून मोडतोड केली. मोडतोडीचे समर्थन मी करणार नाही. पण ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट ही, की विरोध करणारे शेतकरी होते आणि त्यांचा मुद्दा ताटाचा नव्हता, शेताचा होता. ही कंपनी पुढे सावकाश पसरली, आणि तेव्हा तिलाही शाकाहारी पदार्थ ठेवावे लागले.

हे सारे मॅकडोनाल्डच्या डोळ्यांसमोर घडत होते. तिने दोन भागीदार निवडले, उत्तरेला दिल्लीचे विक्रम बक्षी आणि पश्चिमेला मुंबईचे अमित जाटिया. यांतले जाटिया हे शाकाहारी घराण्यातले. दिल्लीत दुकान उघडले तेव्हा कंपनीच्या सर्वांत नावाजलेल्या दुमजली बर्गरची जागा ‘महाराजा’ नावाच्या बर्गरने घेतली. त्यात आधी बोकडाचे मांस असे, पुढे कोंबडीचे आले. पावाला लावायचे मेयोनेज नावाचे पांढरे सारण जगभर अंड्याचे करतात. इथे ते अंड्यावाचून करण्यात आले.

पण याहून मोठा फेरफार भटारखान्यात झाला. शाकाहारी पदार्थांची ओटी वेगळी, भांडी वेगळी, तळणाची कढई वेगळी, साठवण वेगळी, आणि तिथे काम करणाऱ्या पोरांना हिरवे अ‍ॅप्रन. गिऱ्हाइकाला शंका आली तर आत नेऊन दाखवायचीही तयारी. अहो, याला आपण काय म्हणतो? सोवळेच की! आपल्या आजीने ज्यासाठी साऱ्या घराला धारेवर धरले, ते सोवळे शिकागोच्या कंपनीने नियमांच्या पुस्तकात लिहून घेतले. फरक एवढाच, की आजीचे सोवळे जातीवरून माणसालाही दूर ठेवी. हे फक्त मांसाला दूर ठेवते. इतका फरक चांगलाच म्हणायचा.

मग आला बटाट्याच्या टिक्कीचा बर्गर. उत्तरेकडे रस्त्यारस्त्यावर तव्यावर परतलेली आलू टिक्की मिळते, ती पावात घातली आणि पुढे ‘मॅक’ हे उपपद लावले, मॅकआलू टिक्की. २००४ च्या सुमारास तो वीस रुपयांत देऊ लागले आणि महाराजा बाजूला राहून हा रंकच त्या दुकानांचा खरा धनी झाला.

मुंबईचा माणूस हे पाहून हसला असेल, कारण पावात बटाटा घालायची अक्कल त्याला कोणी शिकवायला नको होती. १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनाबाहेर अशोक वैद्य यांच्या गाडीवर वडा आणि पाव एकत्र आले, असे सांगतात. हा घरचा पदार्थ खरा. पण त्यातले घरचे किती? ‘पाव’ हा शब्द पोर्तुगीज, ‘बटाटा’ हाही शब्द गोवा-वसईच्या वाटेने आलेला पोर्तुगीजांचाच. बटाटा आणि मिरची ही दोन्ही झाडे मुळात अमेरिका खंडातली. शिक्षकमंडळींनी वर्गात मुलांना एवढेच विचारून पाहावे, की वडापावातून परदेशी वस्तू काढल्या तर हातात काय राहील? बेसन राहील. पण तो फेरफार व्हायला साडेतीनशे-चारशे वर्षे लागली, आणि तो कोणा एका मालकाने केला नाही. गोव्याच्या भटारीने केला, गिरणी कामगाराच्या भुकेने केला. कंपनीचा फेरफार सहा वर्षांत झाला, ठरवून झाला, आणि त्याचा हिशेब कुणाच्या तरी वहीत आहे. दोहोंत मला फरक दिसतो तो हा.

असे ठरवून केलेले सोवळे विश्वासावर चालते, आणि विश्वास तुटायला एक बातमी पुरते. २००१ च्या मे महिन्यात अमेरिकेत सिएटल शहरी हरीश भारती या भारतीय वंशाच्या वकिलांनी कंपनीवर फिर्याद लावली. कंपनीने १९९० साली बटाट्याच्या तळलेल्या काड्या, म्हणजे फ्राईज, वनस्पती तेलात तळायचे जाहीर केले होते. त्यामुळे तिथले शाकाहारी हिंदू त्या निःशंक खात होते. पण त्या काड्यांना चवीसाठी गोमांसाचा अर्क लावला जातो, हे बाहेर आले. बातमी इकडे येताच ठाण्यात कंपनीच्या दुकानाची मोडतोड झाली. हिंदुस्थानात असा अर्क वापरत नाही, असे कंपनीने सांगितले, आणि इथल्या तपासणीतही काही आढळले नाही. अमेरिकेत मात्र तिने क्षमा मागितली आणि २००२ साली एक कोटी डॉलर हिंदू, शाकाहारी आणि इतर संस्थांना देण्याचे कबूल केले. म्हणजे पाहा, दिल्लीतल्या हिंदूसाठी जे सोवळे पाळले, ते सिएटलच्या हिंदूसाठी पाळले नव्हते. तिथे त्यांच्यावाचून गल्ला रिकामा राहत नव्हता.

या बटाट्याच्या काड्यांपाशीच आता थांबू, कारण शेतकरी मंडळींच्या कामाचे खरे इथे आहे. बर्गरमधली वडी बदलली, सारण बदलले, नाव बदलले. काडी मात्र बदलली नाही. ती तशीच लांब, तशीच पिवळसर, बाहेरून कडक आणि आत मऊ पाहिजे. आणि आपला बटाटा त्या कामाला येईना! आपल्याकडचा भाजीचा बटाटा रस्स्यासाठी उत्तम. पण त्यात पाणी फार. तळणीच्या बटाट्यात शंभर भागांत वीसएक भाग कोरडा अंश लागतो; त्याहून कमी असला, की काडी तेल पिते आणि मलूल पडते. दुसरी खोड साखरेची. बटाटा शीतगृहात दोन ते चार अंशांवर ठेवला, की त्यातल्या पिठाची साखर होऊ लागते. मग तळताना तो काळपट होतो आणि कडवटही लागतो. घरच्या बायकांना हे अनुभवाने ठाऊकच असते, की शीतगृहातल्या बटाट्याचे वेफर लाल पडतात. तिसरी गोष्ट आकाराची : लांब काडीला लांबट बटाटा हवा, आपला बहुतेक गोल.

त्यामुळे कितीतरी वर्षे बटाटा पिकवणाऱ्या या देशात काड्या परदेशातून गोठवून येत होत्या. मग कॅनडातली मॅककेन ही कंपनी गुजरातेत उतरली. शेपडी, सँटाना अशा परदेशी जाती तिथल्या मातीत लावून पाहिल्या, तुषार आणि ठिबक सिंचन आणले, आणि २००७ साली मेहसाणा जिल्ह्यात कारखाना उभारला. आपले सरकारी शास्त्रज्ञही स्वस्थ बसले नव्हते. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने १९९८ साली कुफरी चिप्सोना नावाच्या दोन जाती दिल्या, त्या मुद्दाम तळणीसाठी. असा बटाटा दहा-बारा अंशांवर साठवायचा आणि कोंब येऊ नयेत म्हणून त्याला औषधाची धुरी द्यायची, ही रीतही ठरली. म्हणजे बियाणे नवे, पाणी देण्याची तऱ्हा नवी, शीतगृहाचे तपमानसुद्धा नवे.

आपल्या महाराष्ट्रातही हा हात पोचला आहे. तळेगावच्या त्रिकाया कंपनीने या दुकानांसाठी आइसबर्ग सॅलड पिकवले. हा कोबीसारखा गड्डा, पण पाने कच्ची खायची. पूर्वी ते आपल्याकडे थंडीतच येई, ते बारमाही घेण्याची व्यवस्था करावी लागली. चीजच्या चकत्या बारामतीच्या डायनॅमिक्स डेअरीने पुरवल्या. वड्या तळोज्याच्या कारखान्यात होऊ लागल्या. आणि हे सारे शेतापासून दुकानापर्यंत थंडच्या थंड पोचवायला गोठवणाऱ्या मोटारींची साखळी उभी राहिली. हे काम दिल्लीचे दुकान उघडायच्या आधी सहा वर्षे चालू होते. लोकांनी ताट १९९६ साली पाहिले. शेताकडे कंपनी त्याच्या कितीतरी आधी वळली होती.

यात शेतकऱ्याचे नुकसानच झाले, असे मी म्हणणार नाही. लावणीच्या आधीच भाव ठरतो, ही लहान गोष्ट नव्हे. बाजारसमितीच्या आवारात बटाटा ओतून घरी परतलेल्यांना तिचे मोल विचारा. थंड मोटारींचा उपयोग पुढे इतर मालालाही होऊ शकतो. पण करारात आकाराचे माप असते, कोरड्या अंशाचे माप असते, डागाचे माप असते. आणि मापात न बसलेला माल ज्याचा त्याला परत. ताटाच्या बाबतीत गिऱ्हाईक नाक मुरडू शकले आणि कंपनीला पदार्थ बदलावा लागला. शेताच्या बाबतीत नाक मुरडण्याचा हक्क कंपनीकडे राहिला.

पुणे जिल्ह्यात आंबेगाव तालुक्यातल्या सातगाव पठारावर खरिपात बटाटा होतो, आणि तिथे चिप्सच्या कंपन्यांचे करार आता ओळखीचे झाले आहेत. चिप्सवाले निराळे आणि बर्गरवाले निराळे, हे खरे. पण दोघांच्याही कढईला तळणीचाच बटाटा लागतो. म्हणून गुजरातेतली एक हकिगत इथे सांगून ठेवतो. पेप्सिको कंपनीने चिप्ससाठी एफसी-५ नावाची बटाट्याची जात २०१६ साली आपल्या नावे नोंदवली होती. २०१९ च्या एप्रिलमध्ये तिने साबरकांठा भागातल्या चार शेतकऱ्यांवर, आमची जात परवानगीवाचून लावली म्हणून, प्रत्येकी एक कोटीच्या वर भरपाईचे दावे लावले. चार-पाच एकरवाल्यावर कोटीचा दावा! देशभर ओरड झाली आणि मे महिन्यात कंपनीने दावे मागे घेतले. पुढे २०२१ च्या डिसेंबरात वाण संरक्षण प्राधिकरणाने ती नोंदणीच रद्द केली. २०२३ साली दिल्ली उच्च न्यायालयाच्या एका न्यायाधीशांनी हा निर्णय कायम ठेवला. आणि २०२४ च्या जानेवारीत त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने तो फिरवून कंपनीच्या बाजूने निकाल दिला.

या भांडणात शेतकऱ्यांच्या बाजूने जो कायदा पुढे केला गेला, तो २००१ सालचा, पिकांच्या वाणांचे संरक्षण आणि शेतकऱ्यांचे हक्क या नावाचा. त्याचे एकोणचाळिसावे कलम गावात कोणीतरी वाचून दाखवावे असे आहे. संरक्षित जातीचे असले तरी आपल्या शेतातले बियाणे शेतकऱ्याने राखावे, पेरावे, पुन्हा पेरावे, शेजाऱ्याला द्यावे, बदलून घ्यावे, विकावे, हे सारे त्यात मान्य केले आहे. अट एकच घातली आहे : ते बियाणे छापील नावाच्या पिशवीत भरून विकायचे नाही.